खिडकी का उघडत नाही?

संगणकाच्या पडद्यावर एक छोटीशी खिडकी उघडावी आणि तिच्यात 'नमस्कार' असे लिहिलेले दिसावे, एवढ्याच अपेक्षेने सी भाषेत वीस-पंचवीस ओळी लिहिल्या, आणि खिडकीऐवजी इंग्रजी तक्रारींची भली मोठी यादी पडद्यावर उमटली, असा अनुभव तुमच्यापैकी काहींना आला असेल. अशा वेळी बरेच जण दोहोंपैकी एक करतात. कोणीतरी कुठेतरी दिलेली आज्ञा जशीच्या तशी उतरवून पाहतात, नाहीतर 'हे आपले काम नव्हे' म्हणून तो नाद सोडून देतात. मला दोन्ही चुकीचे वाटते, आणि पहिले तर अधिकच. ताप कशाचा आहे हे न पाहता शेजाऱ्याच्या औषधाची बाटली तोंडाला लावावी, तसे ते आहे.

खिडकी उघडेपर्यंत आपली आज्ञावली तीन टप्प्यांतून जाते. शाळेच्या स्नेहसंमेलनातले नाटक डोळ्यांपुढे आणा. प्रथम संहिता तपासतात. वाक्ये नीट आहेत का, उल्लेख केलेली पात्रे सुरुवातीच्या पात्रांच्या यादीत आहेत का, हे पाहतात. हे काम कंपायलरचे, आणि ती यादी म्हणजे हेडर फाइल. मग प्रत्येक पात्रासाठी नट नेमतात. हे काम लिंकरचे. शेवटी, प्रयोगाच्या दिवशी तो नट प्रत्यक्ष हजर असावा लागतो. ते पाहणारा तो लोडर. संहिता निर्दोष असूनही नट नेमला नसेल तर नाटक अडते, आणि नट नेमलेला असूनही त्याची एस. टी. चुकली तर अडतेच. प्रेक्षकांना मात्र दर वेळी एकच दिसते : पडदा वर गेला नाही!

हे नट कोण? जीटीके ही खिडक्या, बटणे वगैरे तयार करून देणारी लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावल्यांचा संग्रह. तीही एकटी नसते. मजकुराची मांडणी ती पँगो या लायब्ररीकडे सोपवते, आणि पँगो अक्षरांची जुळणी हार्फबझकडे. 'कि' हे अक्षर संगणकाच्या स्मृतीत आधी 'क' आणि मग वेलांटी असे साठवलेले असते, पण पडद्यावर वेलांटी आधी दिसली पाहिजे. जोडाक्षरांचे तर विचारूच नका. तुमच्या वीस ओळींत यातले काहीही नसते. लिनक्सवर एलडीडी नावाची आज्ञा देऊन पाहा, एका साध्या खिडकीमागे उभ्या असलेल्या लायब्रऱ्यांची नावे डझनावारी समोर येतील. (अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या आज्ञावलीवर मात्र ती चालवू नये, कारण तपासताना त्या आज्ञावलीतलाच काही भाग चालण्याचा संभव असतो.)

जोडणीची ही कल्पना काल-परवाची नाही. केंब्रिज येथे 1949 मध्ये चालू झालेल्या एडसॅक या संगणकासाठी तयार आज्ञावल्या छिद्रांकित कागदी पट्ट्यांवर कपाटात रचून ठेवीत आणि लागेल ती पट्टी काढून वापरीत. ग्रेस हॉपर यांची 1952 ची ए-झिरो ही प्रणाली पहिला कंपायलर म्हणून प्रसिद्ध आहे. पण ती जे काम करी, म्हणजे साठवलेल्या आज्ञावल्या शोधून एकत्र जोडणे, ते आजच्या भाषेत लिंकरचे व लोडरचे आहे! तेव्हा मुलांना कंपायलरची ओळख करून द्यायची आणि लिंकरचे नावही काढायचे नाही, ही आपली पद्धत मला उफराटी वाटते.

आता तक्रार कशी वाचायची ते पाहू. 'जीटीके डॉट एच : नो सच फाइल' असे आले तर दोष पहिल्या टप्प्यावरचा, हेडर सापडलेली नाही. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. 'जीटीकेवर चालणारी दुसरी आज्ञावली माझ्याकडे तर उत्तम चालते!' असे ते म्हणतात. खरे आहे, पण डेबियन किंवा उबुंटूवर चालवण्याची लायब्ररी आणि बांधणीसाठी लागणाऱ्या हेडर फाइली वेगवेगळ्या गठ्ठ्यांत येतात. दुसऱ्या गठ्ठ्याच्या नावाअखेर 'डेव्ह' असते, आणि तो आपण मागवावा लागतो.

'अनडिफाइन्ड रेफरन्स' असे आले तर गाडी लिंकरपाशी अडली. या दोषाचा एक प्रकार फार शिकवणारा आहे. काही जुन्या धड्यांत जीसीसीला आज्ञा देताना लायब्रऱ्यांची नावे आधी आणि आपल्या फाइलचे नाव नंतर दिलेले आढळते. फेडोरावर ही आज्ञा बिनतक्रार चालते, उबुंटूवर मात्र अडते. का बरे? लिंकर डावीकडून उजवीकडे जातो. उबुंटूने 2011 पासून असे ठरवून टाकले, की लायब्ररी समोर येईल तेव्हा तोवर वाचलेल्या फाइलींना तिची गरज असेल तरच ती घ्यायची. वाण्याचे दुकान मागे पडले आणि सामानाची यादी नंतर हाती आली, तर काय उपयोग? लायब्रऱ्यांची नावे शेवटी लिहिली की काम होते. हे कळलेला मुलगा दोन्हीकडे निर्धास्त असतो. उतरवणारा एकावर खूश होतो आणि दुसऱ्याला शिव्या देतो.

कधी दोष एका टप्प्यावरचा असून दिसतो दुसऱ्यावर. जीटीकेची चौथी आवृत्ती डिसेंबर 2020 मध्ये आली आणि तिसरीतली 'जीटीके-मेन'सारखी काही फंक्शने तिच्यातून गेली. जुनी आज्ञावली नव्या लायब्ररीशी जोडू पाहिली, तर 2024 च्या जीसीसी 14 पूर्वीचा सी कंपायलर नुसती सूचना देऊन पुढे जातो आणि तक्रार लिंकर करतो. नवा कंपायलर तिथेच थांबवतो. म्हणून माझा आग्रह असा, की यादीतली पहिली तक्रार आधी वाचावी. शेवटची सर्वांत ठळक दिसते, पण बहुधा ती पहिलीचीच लेक असते.

तिसऱ्या टप्प्यावर जरा दटावूनच सांगतो. विंडोजवर 'अमुक डीएलएल सापडत नाही' असे आले, की त्या नावाची फाइल कुठूनतरी उतरवून घेण्याचा मोह होतो. ती फाइल म्हणजे चालणारी आज्ञावली असते. ती कोणी बनवली, आत काय घातले, 32 बिटची की 64 बिटची, काहीच ठाऊक नसते. मूळ लायब्ररी ज्यांनी तयार केली त्यांच्याकडूनच ती घ्यावी.

'आता विचारले की संगणकच उत्तर देतो, मग हे कशाला?' असे कोणी म्हणेल. पण त्याला विचारणार काय? 'खिडकी उघडत नाही' एवढेच सांगितले तर तोही तीन टप्प्यांवरची तीन औषधे पुढे करणार, आणि त्यांतले आपले कोणते हे तुम्हालाच ठरवावे लागणार. शाळांतून तर सगळे आधीच जोडून ठेवलेले असते, मुलांनी फक्त बटण दाबायचे. माझे मत असे, की नववीपासून प्रत्येकाने खिडकीची एक आज्ञावली स्वतः आज्ञा देऊन बांधावी, आणि मग ती मुद्दाम मोडावी. एकदा हेडरची ओळ खोडून, एकदा लायब्ररीचे नाव गाळून, एकदा चालवण्याच्या वेळी लायब्ररी लपवून. प्रत्येक वेळी आलेली तक्रार वहीत उतरवावी.

तिसऱ्या प्रयोगासाठी मात्र जीटीकेची फाइल हलवू नका, नाहीतर संगणकावरच्या इतर खिडक्याही उघडायच्या थांबतील. दोन संख्यांची बेरीज करणारी स्वतःची चिमुकली लायब्ररी तयार करा, आज्ञावली तिच्याशी जोडा, चालते याची खात्री करून घ्या आणि मग ती लायब्ररी दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवून पाहा.