जुनी जीप : भंगार की भांडवल?



नेर तालुक्यातल्या बऱ्याच गावांत गोठ्याच्या बाजूला एखादी जुनी जीप उभी दिसते. वरचे टप ताडपत्रीचे, दरवाजा तारेने बांधलेला, मूळ रंग कोणता होता ते मालकालाही आठवत नाही. पण पेरणीच्या दिवसांत बियाणे-खत तीच नेते. पांदण रस्त्यात रुतलेली बैलगाडी तीच ओढून काढते. रात्री-बेरात्री बाळंतिणीला यवतमाळच्या दवाखान्यात तीच पोचवते. जिल्ह्याच्या बैठकीला येणारे आपले कितीतरी कार्यकर्ते तिच्यातूनच येतात.

शहरातल्या माणसाला ही गाडी भंगार दिसते. सरकारी कागदावर तिचे वय तेवढे दिसते. शेतकऱ्याने मात्र तिच्याकडे भांडवल म्हणून पाहिले पाहिजे, आणि भांडवल राखायचे कसे याचा विचार केला पाहिजे. आज आम्ही भावाचे बोलणार नाही, व्याजाचे बोलणार नाही. पान्याचे आणि ग्रीसचे बोलणार आहोत. कारण हाही हिशेबाचाच प्रश्न आहे.

आधी हिशेब मांडू. चारही चाकांना जोर असलेली नवी गाडी आज १० लाखांच्या आत मिळत नाही. १० लाखच धरा. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला. त्या भावाने १० लाख उभे करायला सुमारे १३० क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहूत एकरी ५ क्विंटल धरले, तर २६ एकरांचा सगळा कापूस झाला. त्यातून बियाणे, फवारणी, वेचणीची मजुरी काही वजा केलेले नाही. पाच-सात एकरवाल्याने काय विकून ही गाडी घ्यायची? म्हणजे दारातली जुनी जीप बंद पडली, तर तिच्या जागी दुसरी येणार नाही. ती गेली की गेली.

सुदैवाने ही गाडी दुरुस्त होण्यासाठीच जन्माला आली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेसाठी जीप बनली. रणांगणावर शिपायाने पाना घेऊन उघडावी आणि चालती करावी, असा तिचा बांधा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली. पुढे महिंद्राची जीप पूर्ण इथेच बनू लागली आणि डिझेलवर चालू लागली. काही मॉडेलांत तर ट्रॅक्टरच्याच घराण्यातले इंजिन होते. म्हणून ट्रॅक्टरचा मिस्त्रीही ते बिनधास्त उघडतो. ज्या यंत्राचा प्रत्येक नट डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो, ते यंत्र मालकाला परके होत नाही.

पण बांधा कितीही चांगला असला तरी निगा लागतेच. आपण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळण करतो. वर्षभर ज्या खांद्याने जू ओढले, तो खांदा चोळतो. पण बैल वर्षातून एक दिवसच सांभाळला तर जगेल काय? रोज पाणी, रोज वैरण, खुरात काटा गेला की त्याच दिवशी काढायचा. जीपचे आपण उलटे करतो. दसऱ्याला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो, आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत बॉनेट उघडत नाही. मग भर हंगामात इंजिन बसले की नशिबाला बोल लावतो.

रोजचे काम दहा मिनिटांचे आहे. सकाळी इंजिन थंड असताना ऑईलची पट्टी काढून पाहावी. रेडिएटरचे पाणी पाहावे. गरम असताना झाकण कधीही उघडू नये. ब्रेक ऑईल पाहावे. ते सारखे कमी होत असेल तर कुठे तरी गळते आहे, आणि ब्रेकची गळती उद्यावर टाकायची नसते. फॅनबेल्ट बोटाने दाबून पाहावा. रात्री गाडी जिथे उभी होती तिथली जमीन पाहावी. तेलाचा डाग कुठल्या जागी पडला, त्यावरून कोणते सील गेले ते कळते. जमीन खोटे बोलत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

आता जे काम आठवड्याचे आहे ते. कापसाच्या हंगामात धूळ आणि रुईचे तंतू दोन्ही इंजिनाचे वैरी. जुन्या जीपला तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. वाटीत गाळ बसला की ती काढावी, डिझेलने धुवावी आणि खुणेपर्यंत नवे तेल भरावे. हे ज्याने टाळले त्याच्या सिलिंडरात धूळ जाते, रिंगा झिजतात, गाडी काळा-निळा धूर ओकते आणि शेवटी इंजिन खोलावे लागते. वाटीभर तेल वाचवायला जाऊन अख्ख्या इंजिनाचा खर्च अंगावर घेण्यात कसला शहाणपणा? डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू ढिला करून साचलेले पाणी सोडावे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा आतून बाहेर पाणी मारून काढावा. कमानीचे पाटे, शॅकल, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, स्टिअरिंगचे सांधे, जिथे जिथे निपल आहे तिथे ग्रीसगन लावावी. कोरड्या दिवसांत हजार-दीड हजार किलोमीटरला, आणि पावसाळ्यात चिखलात गाडी घातली की दर आठवड्याला. जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत थांबू नये.

पुढच्या चाकांनाही जोर देणारा दांडा ज्या जीपला आहे, तिच्या मालकाने आणखी चार गोष्टी मनात कोरून ठेवाव्यात.

पहिली : डांबरी सडकेवर तो दांडा टाकू नये. वळणावर पुढची चाके लांबचा फेरा घेतात, मागची जवळचा. अशा जीपमध्ये पुढचा आणि मागचा आक्स एकमेकांना जखडले जातात. चिखलात चाक घसरून तो फरक भरून काढते. यवतमाळ-अमरावती सडकेवर ते घसरू शकत नाही. मग सारा पीळ गिअरवर आणि क्रॉसवर येतो, आणि काही तरी तुटते. पांदण संपली, डांबर लागले की दांडा मागे.

दुसरी : चारही टायर एकाच मापाचे आणि शक्यतो सारखे झिजलेले असावेत. पुढे नवे मोठे, मागे जुने छोटे, असे केले तर सरळ रस्त्यावरही तोच पीळ बसतो.

तिसरी : दांडा वर्षानुवर्षे न वापरता ठेवू नये. महिन्यातून एकदा मऊ जमिनीवर थोडे चालवावे, म्हणजे पुढच्या भागात तेल फिरते. जी वस्तू वापरली जात नाही ती गंजते.

चौथी : आक्सच्या वरच्या अंगाला एक लहान श्वासनळी असते. चिखलाने ती बुजली की तापलेले तेल सील फोडून बाहेर येते. आणि तापलेला आक्स नाल्याच्या गार पाण्यात गेला की आत पाणी ओढले जाते. नाल्यातून गाडी काढल्यावर तेल तपासावे. दुधासारखे पांढुरके दिसले तर ते त्याच आठवड्यात बदलावे. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर चालावे, म्हणजे आतले लायनर सुकतात.

यासाठी पदवी लागत नाही. पान्यांचा एक संच, ग्रीसगन, जॅक, आणि एक शंभर पानी वही लागते. वहीत तारीख लिहा, किलोमीटर लिहा, काय बदलले, किती पैसे लागले ते लिहा. शेतीचा जमाखर्च लिहा असे आम्ही सांगत आलो. गाडीचा जमाखर्च त्याच वहीच्या मागच्या पानांवर सुरू करा. आणि पोराला, पोरीलाही, सोबत घ्या. गाडीखाली शिरून एकदा ग्रीस मारलेले पोर वाटेत गाडी थांबली की हातपाय गाळून बसत नाही.

हे झाले आपले काम. आता सरकारचे आणि कारखानदारांचे.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते; पुढे तंदुरुस्ती तपासून पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. हे रास्त आहे. ज्या गाडीला ब्रेक नाही, जी धुराचे लोट सोडते, ती सडकेवर नको, हे आम्हीही म्हणतो. पण १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये केले गेले. हमीभावाने मोजा, तर ५,००० म्हणजे सुमारे ६५ किलो कापूस आणि १०,००० म्हणजे १३० किलो. तपासणीत पास झालेल्या गाडीलाही हा दंड कशाचा? गाडी निगुतीने राखली याचा? २०२१ चे भंगार धोरण ऐच्छिक म्हणून आणले गेले. पण शुल्काचा चाबूक मारून मालकाला भंगाराच्या दाराशी नेणे, याला ऐच्छिक म्हणत नाहीत.

यंत्राचे आयुष्य पंचांगावर ठरत नाही. दारव्ह्यावरून यवतमाळला जाणाऱ्या आपल्या शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनले आणि १९२३ पासून १९९४ पर्यंत गाडी ओढत राहिले. सत्तर वर्षे! रोज त्याला तेल देणारे हात होते, म्हणून.

दुसरा धोका आणखी मोठा आहे. नव्या यंत्रांचे इंजिन आता संगणकाच्या कुलपात आहे. ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे मापदंड लागू झाले आणि त्यांच्यातही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. हवा स्वच्छ राहावी याला आमची ना नाही. पण कुलपाची किल्ली फक्त कंपनीकडे, ही लुटीची नवी तऱ्हा आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजाराला देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या. अमेरिकेत कोलोराडो राज्याने २०२३ साली कायदा करून शेतकऱ्याला स्वतःची शेतीयंत्रे दुरुस्त करण्याचा हक्क दिला. आपल्याकडे केंद्राने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारे आणि मोटारी दोन्ही आहेत. समिती झाली, संकेतस्थळ झाले. शेतकऱ्याच्या हाती किल्ली अजून यायची आहे.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन मागण्यांचा ठराव व्हावा, असे आम्ही सुचवतो. एक, तंदुरुस्ती तपासणीत पास झालेल्या शेतकऱ्याच्या जुन्या गाडीवरचे वाढीव शुल्क रद्द करावे. दोन, ट्रॅक्टर आणि गाड्यांचे सुटे भाग, तपासणीची साधने आणि मराठीतले माहितीपुस्तक गावच्या मिस्त्रीलाही विकत मिळावे, असा कायदा व्हावा. तीन, तालुक्याच्या आयटीआयमध्ये सुट्टीच्या दिवशी शेतकऱ्यांसाठी देखभालीचे वर्ग चालावेत.

ठराव मांडायला याल तेव्हा बॉनेट उघडून, पट्टी पाहून निघा. जो आपली गाडी तंदुरुस्त ठेवतो, त्याच्या बोलण्याला अधिकाऱ्यापुढे वजन असते. विकत घेतलेल्या वस्तूला हात लावायला परवानगी मागावी लागत असेल, तर ती वस्तू आपली झालीच नाही.