पुट्टीखालचा पत्रा आणि वर ठेवलेली ट्रॉफी

पोस्ट लांब आहे, पण वाचा. आणि ज्यांना लागेल त्यांनी कमेंटमध्ये भांडायला या, इनबॉक्समध्ये नको.

परवा जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनाला गेलो होतो. एका लाल ओपन गाडीभोवती सगळ्यात जास्त गर्दी. आरशासारखा रंग, क्रोम झळझळीत, पोरं सेल्फी काढतायत. मालक ओळखीचे. खिशातलं छोटं चुंबक काढलं (हो, मी चुंबक घेऊन फिरतो, घरचे हसतात) आणि दाराखालच्या सिलला लावलं. गळून पडलं. वीतभर पुढे लावलं, परत पडलं. पत्र्याच्या जागी सगळी पुट्टी. संध्याकाळी त्याच गाडीला बक्षीस.

बक्षीस कुणालाही द्या हो. माझं भांडण वेगळं आहे. ही गाडी वर्षा-दोन वर्षांत कुणीतरी 'फुल्ली रिस्टोअर्ड' म्हणून विकणार आणि घेणारा त्यात बायको-पोरांना बसवणार.

सिल म्हणजे शोभेची पट्टी नव्हे. छप्पर असलेल्या बहुतेक गाड्यांत छप्पर, खांब, फ्लोअर मिळून एक पेटी होते. ओपन गाडीला वरची बाजूच नसते. बुटाच्या खोक्याचं झाकण काढून ते हातात पिळून बघा, म्हणजे कळेल. तो पीळ अडवायचं काम सिलवर आणि फ्लोअरवर येतं. तिथे पुट्टी भरणं म्हणजे तुळईला वाळवी लागली म्हणून वरून ऑइलपेंट मारणं.

मी शहाणा म्हणून बोलत नाहीये, फसलोय म्हणून बोलतोय. माझी स्टँडर्ड हेराल्ड समुद्राकाठच्या गावातून आली. विकणारा म्हणाला, "बॉडीला बघायचं काम नाही दादा, आत्ताच पेंट केलीय." तिसऱ्या महिन्यात चौकात ब्रेक दाबला आणि मेहुण्यांची सीट फ्लोअरच्या तुकड्यासकट पुढे सरकली. वेग नव्हता, गुडघ्यावर भागलं. कार्पेट उचललं तर डांबराचा थर, त्याखाली फायबरचं कापड आणि त्याखाली थेट रस्ता.

गंज म्हणजे काही दैवी कोप नाही. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की तो येणारच, आणि खारी हवा असली की दुप्पट जोमाने. सिलला खाली पाणी जायला भोकं दिलेली असतात. ती मातीने बुजतात, नाहीतर आपणच अंडरकोट फासून बुजवतो. मग पत्रा आतून कुजायला लागतो. बाहेर रंगाला फोड दिसतो तोपर्यंत आतलं बरंच गेलेलं असतं. आणि आपण काय करतो? फोड घासायचा, पुट्टी भरायची, रंग मारायचा. पुट्टी ओल धरते. पुढच्या पावसाळ्यानंतर फोड परत हजर, या खेपेला तळहाताएवढा.

खरं काम कसं होतं ते आमच्या मिस्त्रींकडे चार महिने बसून पाहिलं. पेट्रोलची टाकी आधी गाडीबाहेर. मग टोच्याने ठोकत चांगला पत्रा लागेपर्यंत मागे जायचं आणि तिथून कापायचं. जिथे फोड दिसतो तिथून कापून भागत नाही. ओपन गाडीचं सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून ती जखडायची. नाहीतर बॉडी मधे बसते आणि मग दार लागतच नाही. 20 गेजचा पत्रा हाताने वळवून तुकडा करायचा, सीओटू वेल्डिंगने टाका इथे, टाका तिथे, मधे थंड होऊ द्यायचं. सलग ओढलं की पत्रा पापडासारखा फुगतो. शेवटी पुट्टी लागतेच, पण ती एक-दोन मिलिमीटर, स्वच्छ पत्र्यावर.

हेराल्ड तर या कामासाठी देवमाणूस आहे. मिकेलोत्तीने रेखाटलेली, 1959 ची ट्रायम्फ. आपल्याकडे 1961 पासून मद्रासला बनली. चेसिस वेगळी, पॅनेल बोल्टवर, अख्खं बॉनेट पुढे कलतं. छप्परसुद्धा बोल्टवर. माझ्या गाडीचं आधीच्या कुणीतरी उतरवलंय, ते माळ्यावर जपून ठेवलंय. 'छप्पर कुठाय' विचारणाऱ्यांसाठी एवढं पुरे.

आता सरकारकडे वळतो. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. 50 वर्षांवरची, मूळ रूपातली, मोठे फेरफार न झालेली गाडी; नंबरात 'व्हीए'; नव्या नोंदणीला 20 हजार, पुनर्नोंदणीला 5 हजार. चांगलं झालं. पण मूळ रूप म्हणजे काय, तर वरून दिसणारं रूप. ज्याने कुजलेलं सिल कापून नवं घातलं तो 'फेरफार केला का' म्हणून घाबरतो, आणि ज्याने पुट्टी भरली त्याची गाडी एकदम ओरिजनल! क्लबवाले तेच करतात. हेडलाइटचा स्क्रू कुठल्या साली बदलला ते तपासतील, गाडीखाली मान घालणार नाहीत.

"एवढा खर्च परवडत नाही" हे मला पटतं, सगळ्यांना परवडत नाही. मग गाडी प्रायमरवर ठेवा, फ्लोअर आणि सिल आधी करा, रंग दोन वर्षांनी मारा. पण रंगाला लाखभर काढणारा माणूस पत्राकाम करणाऱ्याशी पाचशे रुपयांवरून घासाघीस करतो, तेव्हा परवडण्याचं मला सांगू नका. असा पत्रा वळवणारे हात आमच्या उद्यमनगरात मला आता मोजकेच दिसतात. त्यांची पोरं या धंद्यात यायला तयार नाहीत, आणि का यावं त्यांनी? चार महिन्यांचं काम रंगाखाली जातं, फोटोत पेंटर असतो.

माझी मागणी एवढीच. बक्षीस द्यायचं तर उघड्या पत्र्याचे फोटो मागा. सिल, फ्लोअर, चेसिस, रंगाआधीचे. नोंदणीच्या फायलीलाही तेच जोडा. फोटो नसतील तर चुंबक लावा.

माझ्या गाडीचे त्रेचाळीस फोटो खाली टाकलेत. सातव्या फोटोत डाव्या सिलला एक जोड वाकडा आलाय, तो माझ्या हातचा आहे.