सोफा साहेबांचा, बुरशी गड्याची
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी लेख मागविले की आपण विद्यार्थी बहुधा हुंडा, बेकारी, आजची तरुण पिढी किंवा गडकिल्ले यांवर लिहितो. चामड्याच्या सोफ्याची निगा हा विषय पाहून पुष्कळांना हसू येईल. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी चामड्याचा सोफा आहे? माझ्या घरी नाही, वर्गातल्या बहुतेकांच्या घरीही नसावा. पण तो रोज पुसणारे हात मात्र आपल्यातल्या अनेकांच्या घरी आहेत. म्हणून हा विषय आपलाच आहे, असे माझे मत आहे.

मांडव्यापासून नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूडपर्यंत किनाऱ्यालगत ठिकठिकाणी नारळी-पोफळीच्या वाड्या आणि भाताची खाचरे जाऊन मुंबईकरांचे बंगले उभे राहिले. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत रो-रो बोट सुरू झाली आणि मोटारीसकट इकडे येणे सोपे झाले. मालक शनिवार-रविवार येतात, पावसाळ्यात कित्येक आठवडे फिरकत नाहीत. मधल्या काळात बंगला राखतो तो गावातला माणूस. त्याला कोणी गडी म्हणतो, कोणी माळी, कोणी केअरटेकर. दिवाणखान्यातल्या सोफ्याची किंमत त्याच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी असते. तो सोफा जपण्याची जबाबदारी त्याची, पण तो कसा जपावा हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मुळात चामडे म्हणजे काय, हे आधी पाहू. कच्चे कातडे कुजते. ते कुजू नये म्हणून कमावतात. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हिरडा आणि बाभळीची साल वापरून कातडे कमावीत आले. त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची रीत रूढ झाली आणि आठवड्यांचे काम एक-दोन दिवसांवर आले. आजच्या बहुतेक सोफ्यांचे चामडे याच रीतीचे. कोणत्याही रीतीने कमावले तरी मऊपणासाठी त्यात तेल मुरवावे लागते. हे तेल चामड्याला टिकवते आणि दमट हवेत तेच बुरशीचे अन्न होते.

सगळे सोफे एका जातीचे नसतात. पहिला प्रकार रंगाचा जाड लेप दिलेल्या चामड्याचा, म्हणजे पिगमेंटेड. हा सर्वांत सोशीक. दुसरा ॲनिलिन: यात रंग आरपार मुरवलेला, वर लेप नाही. स्पर्शाला सुरेख, पण घाम, पाणी, चहा सारे पिऊन टाकणारा. या दोहोंच्या मधला सेमी-ॲनिलिन, त्यावर पातळसा लेप असतो. चौथा नुबक आणि स्वेड, मखमलीसारखी लव असलेला. पाचवा खरे पाहता चामडेच नव्हे. रेक्झिन, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर. किंवा बाँडेड लेदर, म्हणजे चामड्याचा चुरा डिंकासारख्या पदार्थाने कापडावर चिकटवून वर पॉलियुरेथेनचा मुलामा दिलेला.

प्रकार ओळखण्याची युक्ती मला बाजारातल्या एका सोफा दुरुस्त करणाऱ्या कारागिराने दाखविली. सोफ्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला पाण्याचा एकच थेंब ठेवायचा. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर लेप आहे. जिरून डाग गडद झाला तर ॲनिलिन. या एका थेंबावर पुढची सगळी निगा अवलंबून असते.

लेप असलेला सोफा आधी कोरड्या मऊ फडक्याने झाडावा, मग सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावा आणि लगेच कोरडा करावा. ॲनिलिनला शक्यतो कोरडे फडकेच लावावे. काही सांडले तर टिपून घ्यावे, चोळू नये. तेलकट डागावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर रात्रभर टाकून सकाळी झटकावी. स्वेडला पाणी वर्ज्य. मऊ ब्रशने लव एका दिशेने झाडावी. व्हिनेगर, अमोनिया, फरशी पुसण्याची औषधे यांपैकी काहीही चामड्याला लावू नये, त्यांनी लेप आणि रंग जातो.

आता आपल्या हवेचा विचार करू. वस्तुसंग्रहालये चामड्यासाठी हवेतील आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्के ठेवण्याचा प्रयत्न करतात. ६५-७० टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरण्याचा धोका सुरू होतो. आपल्या किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर असते. त्यात खारा वारा. वाऱ्याबरोबर आलेले मीठ वस्तूंवर बसते आणि मीठ पाणी ओढून घेते, हे पावसाळ्यात मिठाची बरणी उघडणाऱ्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. त्यात बंगला बंद, पंखा बंद, सोफा भिंतीला टेकलेला आणि वर प्लास्टिकचे आच्छादन. बुरशीला याहून चांगले घर कोणते मिळणार?

उपाय साधे आहेत. सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा. प्लास्टिक काढून सुती चादर घालावी. रोज काही तास पंखा चालवावा, आणि उघडीप मिळाली की खिडक्या उघडाव्यात. जमल्यास हवेतील ओलावा शोषणारे यंत्र लावावे. बुरशी आलीच, तर नाकातोंडाला रुमाल बांधून सोफा पडवीत काढावा, कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झाडावी, नंतर पुसून सावलीत वाऱ्यावर वाळवावा. लेप असेल तरच, आणि लपलेल्या जागी करून पाहिल्यावरच, निम्मे स्पिरिट आणि निम्मे पाणी वापरावे. उन्हात मात्र टाकू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत घरांची छपरे उडाली. अशा वेळी भिजलेले सामान उन्हात पसरणे हेच सर्वांना सुचते. गादीला ते ठीक आहे, पण ओले चामडे कडक उन्हात आकसते आणि लाकडासारखे ताठ होते.

पॉलियुरेथेनच्या नकली चामड्याची तऱ्हा आणखी वेगळी. उष्ण, दमट हवेत पाण्याच्या अंशामुळे त्या थराचे रासायनिक विघटन होते आणि काही वर्षांतच त्याचे पापुद्रे सुटू लागतात. कितीही पुसा, कितीही जपा, ते थांबत नाही. दोष असलाच तर तो या हवेत अशी वस्तू विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. नव्याचे नऊ दिवस सरले की पापुद्रे झाडण्याचे काम मात्र गड्याकडे येते.

माझे काका एक बंगला राखतात. जाताना मालकांनी बजावले होते, "दारे-खिडक्या बंद ठेवा, चोरीची भीती आहे, आणि विजेचे बिल वाढवू नका." काकांनी सांगितल्याप्रमाणे सारे केले. श्रावणात सोफ्यावर पांढरी बुरशी दिसली. कोणीतरी सांगितले, खोबरेल लावा. काकांनी ते स्वतःच्या पैशाने आणून लावले. चामडे काळपट झाले, आणि तेलाच्या खाद्यावर बुरशी दुपटीने आली. गणपतीला मालक आले. "चार महिने झोपा काढत होतास काय?" एवढेच त्यांनी विचारले आणि पगार कापला. काका माझ्या वडिलांहून वडील आहेत. ते खाली मान घालून उभे राहिले. त्या घरातली प्रत्येक गोष्ट मालकांच्या हुकुमाने झाली होती, फक्त बुरशी तेवढी काकांच्या नावावर जमा झाली.

कोणी म्हणेल, खोबरेल लावणे हे अडाणीपणाचेच नव्हे काय? पण आपल्याकडे जोड्याला, ढोलकीच्या वादीला, घोड्याच्या खोगिराला तेल देत आले आहेत. तो अनुभव खोटा नाही, तो वेगळ्या चामड्याचा आणि वेगळ्या वापराचा आहे. माहिती न देता जबाबदारी द्यायची आणि मग माणसाला अडाणी म्हणायचे, हा न्याय नव्हे. उलट ज्यांना आपण जुनाट समजतो त्या कित्येक सवयींत शहाणपण असते. आपल्या आया-आज्या खुर्चीच्या पाठीवर क्रोशाचा रुमाल घालतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्येही हेच करीत, कारण पुरुष केसांना मकासर तेल चोपडत आणि खुर्च्या तेलकट होत. त्या रुमालाचे इंग्रजी नावच 'अँटिमकासर' असे पडले. केसांचे तेल आणि घाम यांनी चामड्याचा लेप मऊ पडून सुटतो, हे आजही खरे आहे. तसेच हिरड्या-बाभळीने कमावलेल्या चामड्याला लोखंडी खिळा लागून ओल आली की काळा डाग पडतो. म्हणून त्याला पितळी खिळे बरे, हे जुने कारागीर जाणतात.

येथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. चामड्याचे ज्ञान आपल्या समाजात ज्यांच्याजवळ होते, त्यांना आपण शतकानुशतके गावाच्या कडेला ठेवले. चामडे चालले, चामड्याला लागलेला हात चालला नाही. १९२७ च्या मार्च महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पिण्याच्या पाण्याच्या हक्कासाठी चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. मेलेली जनावरे ओढण्याचे लादलेले काम टाकून द्या, असेही त्यांनी आपल्या लोकांना सांगितले. म्हणून चर्मकाराच्या मुलाने चामड्याचेच काम करावे असे मी मुळीच म्हणत नाही. माणूस जातीने कामाला बांधला जाऊ नये, पण काम आणि त्यातली विद्या यांना मान मिळावा, एवढेच माझे म्हणणे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने तशाच चपला मिलानच्या मंचावर दाखविल्या, तेव्हा आपल्याला एकाएकी आपल्या कारागिरांचा अभिमान वाटू लागला. परदेशी मंचावर जाईपर्यंत अभिमान थांबला तरी का? चेन्नईला १९४८ पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. चामडे हे शास्त्र आहे, हे देशाने केव्हाच मान्य केले. आपल्या दिवाणखान्यांनी ते अजून मान्य केलेले नाही.

मग आपण काय करावे? माझ्या दोन सूचना आहेत. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने एखाद्या हिवाळी शिबिरात बंगले राखणाऱ्यांसाठी दोन दिवसांचा वर्ग घ्यावा. शिकवायला आपले विज्ञानाचे प्राध्यापक असावेत, आणि त्यांच्या शेजारी मानाने बसविलेला तो सोफा दुरुस्त करणारा कारागीरही. शिवाय चामड्याचा प्रकार, काय लावावे आणि काय लावू नये, याचे मराठीत एक पानी पत्रक छापून घरोघर द्यावे. खर्च फार नाही.

मालकांनाही एक विनंती. समुद्रकाठी सागवानी किंवा वेताची खुर्ची आणि धुता येणाऱ्या सुती गाद्या अधिक शहाणपणाच्या. चामडेच हवे असेल तर हौस जरूर करावी, पण सोफ्याबरोबर आलेले निगेचे कागद कपाटात न ठेवता राखणदाराला समजावून द्यावेत आणि पंख्याचे बिल स्वतः भरावे.

आपण पदवी घेऊन नोकरीला लागू, उद्या आपल्यापैकी काहींच्या घरीही असे सोफे येतील. तेव्हा पगार कापणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहायचे, की एवढे शिक्षण घेतले त्याचा काही उपयोग करायचा, हे आजच ठरवावे. सोफा कोणाचाही असो, त्यावर बुरशी आली की दोष देण्याआधी एक प्रश्न विचारावा: खिडकी उघडण्याचा अधिकार कोणाकडे होता?