मोर्यांच्या डोंगरावर

कर्नाटकातील कोप्पळ हे प्राचीन जैन तीर्थ. शिलालेखांत त्याचे नाव ‘कोपण’ असे येते. याच जिल्ह्यात, गंगावतीजवळच्या हिरेबेणकल गावामागील डोंगरात, कोपणाच्या वैभवाहूनही कितीतरी जुनी दगडी वसाहत उभी आहे. तिकडे पायीच जावे लागते. ग्रॅनाइटच्या खडकांतून आणि काटेरी झुडपांतून वाट चढते. सावली विरळ, म्हणून पहाटे निघून पाणी बरोबर नेणे इष्ट.

माथ्यावर मात्र श्रम विसरतात. तीन बाजूंना उभ्या शिळा, वर सपाट शिळेचे छत. काहींच्या भिंतीला वाटोळे छिद्र. अशी लहानमोठी सुमारे 400 बांधकामे येथे आहेत. गावकरी त्यांना मोर्यांची घरे म्हणतात. पण ती राहती घरे नव्हेत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, लोहयुगातील माणसांनी आपल्या मृतांसाठी ती उभारली. जेथून शिळा काढल्या त्या खाणीतच पाणी साचून शेजारचे तळे झाले आहे. एका उंच खडकावर नगाऱ्यासारखा अर्धगोल दगड आहे. लाकडाने ठोकताच त्याचा नाद दूरवर जातो.

निजामाच्या चाकरीतील मेडोज टेलर यांनी 1835 मध्ये या स्थळाची नोंद केली. पुढे गुप्तधनाच्या आशेने कोणी कोणी शिळा उलथविल्या. अशा थडग्यांत बहुधा मिळतात ती मातीची भांडी नि गंजलेले लोखंड! 2021 मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या संभाव्य यादीत आले. पण उलथलेल्या शिळांखालचा पुरावा गेला तो गेलाच.