शून्य अपघातांचा फलक

31 डिसेंबर 2023 च्या पहाटे आमच्या शहराजवळच्या वाळूज एमआयडीसीत एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार मरण पावले. कारखाना हातमोज्यांचा होता. कामाच्या वेळेत हे घडलं असतं तर निदान नोंदीला रकाना तरी होता. झोपलेल्या कामगाराला कुठल्या रकान्यात बसवायचं?

मोठ्या कंपन्यांचे अहवाल वाचले की हा प्रश्न टोचतो. सेबीच्या नियमानुसार 2022-23 पासून पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना सुरक्षिततेचे आकडे द्यावे लागतात. दर दहा लाख कामाच्या तासांमागे किती अपघातांत कामगाराचं काम बुडालं, हा त्यातला मुख्य आकडा. पाचशे माणसं वर्षभर दोन हजार तास राबली की दहा लाख तास होतात. वर्षात एक अपघात झाला तर आकडा एक. हिशोब सोपा आहे. पण मोजायची ती पाचशे माणसं कोणती?

धोक्याचं काम बहुतेक वेळा मुख्य कंपनीत होतच नाही. ते पुरवठादाराच्या, त्याच्याही पुरवठादाराच्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर होतं. 2023 मध्ये सेबीने सर्वात मोठ्या 250 कंपन्यांकडून पुरवठादारांचीही माहिती मागायचं ठरवलं, मग ते ऐच्छिक केलं. माझ्या मते माघार इथेच झाली. मालाची गुणवत्ता तपासायला ज्या शेडपर्यंत माणूस पाठवता येतो, तिथली तुटलेली बोटं मोजायला तो का पाठवता येत नाही?

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाची दोन बोटांची टोकं प्रेसमध्ये गेली. प्रेस चालवायला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबावी लागतात, म्हणजे हात साच्याबाहेर राहतात. उत्पादन वाढावं म्हणून एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं होतं. टाके घातल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याला न्यायला गाडी आली. सगळ्यांना ती माणुसकी वाटली, त्याच्या अम्मीने तर दुआ दिली. 1948 च्या कारखाने अधिनियमात 48 तास काम करता येऊ नये अशी इजा झाली तर निरीक्षकाला कळवणं बंधनकारक होतं, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं.

म्हणून शून्याचा फलक दिसला की मला आधी शंका येते. व्यवस्थापकाचा बोनस त्या शून्यावर ठरत असेल तर सुपरवायझर खरचटल्याचीसुद्धा नोंद करणार नाही. उलट ‘थोडक्यात वाचलो’ अशा पन्नास घटना लिहून ठेवणाऱ्या कारखान्यात मी माझ्या भावाला बिनधास्त पाठवीन.

दरवर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ होते. त्या मुलानेही ती घेतली होती, डावा हात पट्टीत. त्याला स्टोअरमध्ये खुर्ची दिली होती. काम काहीच नव्हतं, हजेरी मात्र पूर्ण भरली.