डावानंतरचा तास

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्या एका विजयासरशी ती ग्रँडमास्टर झाली. त्यापूर्वी २०२३ मध्ये नाशिकच्या विदित गुजराथीने आइल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धा जिंकली होती. महाराष्ट्राने या यशाचे कौतुक केले ते यथोचितच होय. परंतु बुद्धिबळात पुढे यायचे तर परदेशवारी केलीच पाहिजे, ही समजूतही त्याबरोबर मध्यमवर्गीय घरांत दृढ होऊ लागली आहे. ती सर्वस्वी निराधार नाही. ग्रँडमास्टर पदासाठी सामान्यतः ३ नॉर्म आणि २५०० गुणांकन लागते, नॉर्मसाठी परदेशी प्रतिस्पर्धी लागतात, आणि ते युरोपातील खुल्या स्पर्धांत सहज भेटतात. तथापि या स्पर्धांना जाणारे सारेच काही त्या पदाचे उमेदवार नसतात. त्यांत पुष्कळसे साधे मंडळाचे खेळाडू असतात. पदरचे पैसे घालून, नोकरीतील रजा वा शाळेची सुट्टी गाठून ते जातात. विचार करावयाचा तो त्यांचा.

अशा प्रवासास समजा २ लाख रुपये लागले आणि स्पर्धा ९ फेऱ्यांची असली, तर एकेक डाव २२ हजारांच्या वर पडतो. या किमतीला काय पदरात पडते? गुणांकन दहा-पंधरांनी वर गेले, तर तेवढेच ते पुढच्या स्पर्धेत खाली येऊ शकते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत त्याला भांडवल म्हणता येणार नाही. भांडवल म्हणजे पुढेही उत्पन्न देत राहील असे काही. आणि या व्यवहारात तसे एकच आहे. आपला विचार नेमका कोठे चुकला याचे ज्ञान. ते डाव चालू असताना मिळत नाही, डाव संपल्यानंतरच्या तासात मिळते.

डाव चालू असताना दुसऱ्या पटावर तो मांडून पाहण्यास नियमाने बंदी आहे. म्हणून चांगले संयोजक विश्लेषणासाठी वेगळी खोली राखून ठेवतात. घटकेपूर्वी एकमेकांचा राजा कोंडू पाहणारे दोघे तेथे समोरासमोर बसतात आणि मोहरी पुन्हा मांडतात. विसाव्या चालीला उंट मागे का घेतला, हत्ती मोकळ्या पट्टीवर का आणला नाही, हे एकमेकांस विचारतात. भाषेची अडचण फारशी येत नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीवर आणि पटावर ठेवलेल्या बोटावर काम भागते. आपण ज्या चालीला भ्यालो ती प्रतिस्पर्ध्याने पाहिलीच नव्हती, किंवा ज्या प्याद्याकडे आपले लक्षही गेले नाही त्याच्या धास्तीने तो घामाघूम झाला होता, हे अशा वेळी कळते. संगणक सर्वोत्तम चाल क्षणार्धात दाखवितो, याबद्दल वाद नाही. पण समोरच्याच्या मनात काय होते ते त्याला ठाऊक नसते. आणि आपल्याला ती चाल का सुचली नाही, तेही तो सांगत नाही. हरल्यावर फणकाऱ्याने उठून खोलीवर जाणे आणि यंत्रावर आपला प्रमाद पाहून झोपी जाणे, ही २२ हजारांची निव्वळ उधळपट्टी आहे.

वस्तुतः डावावर बोलण्याची हौस मराठी माणसाला कधीच कमी नव्हती. वाड्याच्या ओसरीवर आणि देवळाच्या पारावर खेळणारे दोन, तर चाल सांगणारे दहा! उणीव होती ती लिहून ठेवण्याची. देशी पद्धतीच्या खेळात चाली टिपून ठेवण्याचा प्रघात नसल्याने कित्येक नामांकित खेळाडूंचे कर्तृत्व त्या त्या संध्याकाळीच विरून गेले. ज्या देशांनी हा खेळ शास्त्र म्हणून जोपासला त्यांनी याच्या नेमके उलट केले. सोव्हिएत जगज्जेता मिखाईल बोटविनिक याचा आग्रह असे, की खेळाडूने आपल्या डावांवर स्वतः टिपणे लिहावीत आणि ती छापावीत, म्हणजे इतरांना त्यांतील चुका काढता येतील. मद्रासेत सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातील ताल बुद्धिबळ मंडळात विश्वनाथन आनंद घडला, तोही असाच चारचौघांत खेळून आणि चर्चा करून. महाराष्ट्रात सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नेतृत्वाखाली हीच मंडळाची परंपरा उभी केली. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या सांगलीच्याच, हा काही योगायोग नव्हे.

नागपूर, नाशिक, पुणे, सांगली येथील मुलाला प्रशिक्षक मिळतो, तोडीचा प्रतिस्पर्धी मिळतो. हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेवसारख्या गावच्या मुलाचे काय? कयाधूकाठच्या या गावाशी ज्यांच्या जन्माची परंपरा जोडलेली आहे, ते संत नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. दूर जाणे, तिथल्यांच्या बोलीत बोलणे आणि आपल्याजवळचे सर्वांस देणे, ही गोष्ट त्या परिसराला नवखी नाही. पण आजच्या मुलाच्या घरी २ लाख नाहीत. त्याला बाटुमी वा रेकयाविकचे ज्ञान मिळायचे, तर जो जाऊन आला त्याच्याकडूनच मिळेल. आज ते जाऊन आलेल्याच्या वहीतच राहते. बहुधा वहीतही नाही.

म्हणून परदेशी स्पर्धेसाठी जी संस्था, बँक, साखर कारखाना अथवा शासकीय खाते एक रुपयाही देईल, तिने एक अट घालावी. परत आल्यावर ९ डाव मराठी टिपणांसह जिल्ह्याच्या संघटनेकडे द्यावेत. त्यांत हरलेले डाव आधी. प्रत्येक डावाखाली प्रतिस्पर्ध्याने चर्चेत काय सांगितले ते लिहावे, आणि त्याने चर्चेस नकार दिला असेल तर तसेही नमूद करावे. स्वखर्चाने जाणाऱ्यावर सक्ती करता येणार नाही. पण त्याच्या मंडळाने त्याला एक संध्याकाळ मोठ्या पटासमोर उभे करण्यास काय हरकत आहे?

यावर असा आक्षेप येईल, की आपली गुपिते उघडी पडून पुढचा प्रतिस्पर्धी तयारी करून येईल. पण चाली तर आजच डावसंग्रहांतून जगभर पोचलेल्या असतात. लपते ती केवळ त्यांमागची विचारपद्धती, आणि मंडळाच्या पातळीवरील खेळाडूची विचारपद्धती चोरून नेण्याइतके कोणी रिकामटेकडे नसावे. खरी अडचण वेगळीच आहे. नऊ डावांवर नीट टिपणे लिहावयास आठवडाभराची संध्याकाळ मोडते, आणि परतलेल्या खेळाडूच्या डोळ्यांपुढे तोवर पुढच्या स्पर्धेची प्रवेशिका आलेली असते. तेव्हा अनुदानाचा शेवटचा हप्ता टिपणे हाती आल्यावरच द्यावा, हे बरे.