निष्ठावंतांचा डेटाबेस

ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दर दोन-चार महिन्यांनी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आपल्याला ना, एक खमका माणूस पाहिजे. दहा वर्षं कुणाचं न ऐकता काम करणारा." दीड तास ट्रॅफिकमध्ये घालवून आलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून मी आपला मुकाट डबा संपवतो. पण डोक्यात येतो तो व्हेनेझुएला. महागाईचा नव्हे, ते नोटांच्या थप्प्यांचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. (२००८, २०१८ आणि २०२१ मिळून चलनावरची चौदा शून्यं उडवली त्यांनी. बँकांच्या प्रोग्रामर लोकांचं काय झालं असेल, देव जाणे!) माझ्या मते खरी गोष्ट त्याच्या बरीच आधीची आहे.

१९७० च्या दशकात हा देश इतका श्रीमंत होता की पॅरिसहून काराकासला कॉन्कॉर्ड विमान यायचं. मायामीच्या दुकानांत व्हेनेझुएलाचे लोक "स्वस्त आहे, दोन दे" म्हणणारे म्हणूनच ओळखले जायचे. हा सगळा पैसा तेलाचा, आणि तेल काढणारी सरकारी कंपनी म्हणजे पीडीव्हीएसए. गरिबांपर्यंत त्यातलं फारसं पोचत नव्हतं हे खरं आहे, म्हणून तर ह्यूगो चावेझ निवडून आले. रीतसर, भरपूर मतांनी.

एप्रिल २००२ मध्ये चावेझनी आपल्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात रेफ्रीसारखी शिट्टी फुंकत कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना नावं घेऊन काढून टाकलं. मग त्यांच्याविरुद्ध फसलेलं बंड झालं, डिसेंबरात तेल कामगारांचा मोठा संप झाला. संप राजकीय होता, चावेझना घालवण्यासाठीच होता, यात शंका नाही. पण तो मोडल्यावर सुमारे १८ हजार लोकांना हाकललं. भूगर्भतज्ज्ञ, ड्रिलिंगवाले, रिफायनरीचे इंजिनियर. आपल्याकडे वीस वर्षं जुनी सिस्टिम चालवणारे दोन जण एकदम सोडून गेले तरी टीमच्या तोंडचं पाणी पळतं. इथे तर विहिरी होत्या, आणि प्रत्येक विहिरीची खोड कागदावर नाही, माणसांच्या डोक्यात.

ती माणसं गेली कुठे? काही कॅनडात, काही शेजारच्या कोलंबियात. कोलंबियातल्या रुबियालेस या जड तेलाच्या क्षेत्राचं उत्पादन यांच्यातल्याच काही जणांनी अनेक पटींनी वाढवून दाखवलं. इकडे पीडीव्हीएसएत नोकरभरती जोरात, पगारपत्रकावर लाखाच्या वर माणसं, आणि तेल दरवर्षी कमी. १९९८ मध्ये दिवसाला तीसेक लाख पिंपं निघायची. अमेरिकेने तेलावर निर्बंध घातले ते जानेवारी २०१९ मध्ये. तोवर उत्पादन निम्म्याच्याही खाली आलं होतं. २०१७ मध्ये तर तेलाचा काहीच अनुभव नसलेल्या एका जनरलला कंपनीचा प्रमुख केलं!

आता आपल्या धंद्याचा भाग. २००३ च्या अखेरीस विरोधकांनी चावेझना परत बोलावण्यासाठी सह्या गोळा केल्या. सह्या करणाऱ्यांची यादी लुईस तास्कोन नावाच्या सत्ताधारी खासदाराने सरळ वेबसाइटवर टाकली. पुढे तिचं 'माइसांता' नावाचं सॉफ्टवेअर झालं. सव्वा कोटीच्या आसपास मतदार, नंबर टाका, सही केली होती की नाही ते स्क्रीनवर. सरकारी नोकरी, काँट्रॅक्ट, सगळीकडे ते तपासलं जाऊ लागलं. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर (२०११) हाच डेटा वापरून हिशोब केला, तर सही करणाऱ्यांची कमाई पाचेक टक्क्यांनी घसरलेली दिसली. हे सॉफ्टवेअर कुणीतरी आपल्यासारख्याच माणसाने लिहिलं. सर्च फास्ट चालावा म्हणून इंडेक्सही टाकले असतील बिचाऱ्याने.

आणि दोस्त देश? क्युबाला २००० च्या करारापासून स्वस्तात तेल मिळू लागलं. त्या बदल्यात डॉक्टर आले, ते उपयोगाचे होते हे कबूल. पण सोबत गुप्तहेरही आले, स्वतःच्याच सैन्यावर नजर कशी ठेवायची ते शिकवायला. चीनने २००७ पासून सुमारे ६० अब्ज डॉलरचं कर्ज दिलं, फेड तेलात. तिनाको ते अनाको ही चिनी कंपनीची रेल्वे अर्धवट पडली. पण २०१७ ला आलेलं 'कार्नेट दे ला पात्रिया' हे ओळखपत्र मात्र झेडटीई या चिनी कंपनीच्या मदतीने व्यवस्थित उभं राहिलं. रेशनचा डबा त्याच कार्डावर, आणि २०१८ च्या निवडणुकीत मतदान केंद्राजवळच्या पक्षाच्या मांडवात स्कॅनही त्याचंच. म्हणजे माइसांताची पुढची व्हर्जन. रशियाच्या रोसनेफ्टने कर्जासाठी सिटगो या व्हेनेझुएलाच्या अमेरिकेतल्या तेल कंपनीचा ४९.९ टक्के हिस्सा तारण घेतला. शेवटी जगातला सर्वांत मोठा तेलसाठा असलेल्या देशात मे २०२० मध्ये इराणहून पाच जहाजं भरून पेट्रोल आलं. (आपली ओएनजीसी विदेशही तिथे भागीदार, लाभांश वर्षानुवर्षं अडकलेला.)

यातल्या एकाही दोस्ताने विहिरी सांभाळणारी माणसं परत आणली नाहीत. राज्यकर्त्याला टिकायला जे लागत होतं ते त्यांनी पुरवलं, देशाला लागत होतं ते नाही. जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकी सैन्याने मादुरोंना काराकासमधून उचलून नेलं, तेव्हा त्या हल्ल्यात क्युबाचे ३२ जण मारले गेले. राष्ट्राध्यक्षाच्या रक्षणालाही घरची माणसं पुरेशी विश्वासू नव्हती! त्यांच्या जागी आल्या उपाध्यक्ष डेल्सी रॉड्रिगेझ, म्हणजे यंत्रणा तीच.

आता अमेरिकी कंपन्यांनी येऊन विहिरी दुरुस्त कराव्यात, असं ट्रम्प यांचं म्हणणं. होईलही. पण २००३ मध्ये हाकललेला चाळिशीचा इंजिनियर आज साठी ओलांडून बोगोटात नाहीतर कॅल्गरीत नातवंडं सांभाळत असणार, आणि त्याच्या मुलांची स्पॅनिश एव्हाना तिकडच्या वळणाची झाली असणार.